दोन फेऱ्यांनंतरचा काटा

माझ्या गॅरेजच्या पाटीवर अजून 'दोघे बंधू' असंच लिहिलेलं आहे. नवं गिऱ्हाईक आलं की विचारतं, "दुसरे बंधू कुठायत?" मी सांगतो, "चहा प्यायला गेलेत." अकरा वर्षं झाली, चहा काही संपत नाही.

जुनी गिऱ्हाइकं विचारत नाहीत. ती माझ्या मोठ्या भावाला थोरले म्हणायची आणि मला धाकटे. आता थोरले इथं नाहीत, तरी मी धाकटाच. साठी दाराशी आली, डोक्यावरचे केस मोजायला बसलं तर चहा निवायच्या आत मोजून होतील, पण 'धाकटे, ब्रेक कुरकुरतोय हो' यातून सुटका नाही.

गॅरेज खाली आणि वर चार खोल्या. एकेकाळी चारही भरलेल्या होत्या. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. मी लग्न केलं नाही. कोणी छेडलं तर सांगायचो, वहिनींच्या हातचं आयतं गिळायला मिळतंय ते सोडून कोण जाईल, आणि ते निम्मं खरंही होतं. आता मी एकच खोली वापरतो. बाकीच्या तिन्हींची दारं दमट हवेनं फुगली आहेत. खांदा लावला तर उघडतील, पण उघडून करायचं काय?

ही गोष्ट टायमिंग बेल्टची आहे, म्हणून आधी तो काय असतो ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा गप्प बसावं. इंजिनाच्या बाजूला, झाकणाआड, एक दातेरी रबरी पट्टा असतो. खाली पिस्टन हलवणारा दांडा, वर व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, आणि दोघांना एका तालात ठेवणारा हा पट्टा. ताल चुकला की पिस्टन वर यायला आणि व्हॉल्व्ह खाली उतरायला एकच गाठ पडते. मग जो आवाज होतो तो ज्यानं ऐकला तो जन्मभर विसरत नाही. म्हणून ठरावीक पल्ला झाला की पट्टा बदलायचा.

बदलणं तसं सोपं. अवघड काम ताण लावण्याचं. पट्टा फार ताणला तर लवकर मरतो, सैल राहिला तर दात सोडतो. ताण लावणाऱ्या चाकावर एक बारीक काटा असतो आणि त्याच्यासमोर एक खाच. काटा खाचेत आणायचा, नट आवळायचा, आणि मग पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. या दोन फेऱ्यांत नवा पट्टा चाकांच्या दात्यांवर नीट बसतो, आणि बसताना कधी कधी काटा खाचेतून केसभर सरकतो. यात बसवणाऱ्याचा काही दोष नाही. नवी चप्पल चार पावलं चालल्यावर पायाला सैल लागते, तसंच ते. म्हणून दोन फेऱ्यांनंतर काटा पुन्हा बघायचा. सगळा जीव त्या बघण्यात आहे.

आमच्या बाबांचा नियम होता. ज्यानं पट्टा बसवला त्यानं काटा बघायचा नाही. दुसऱ्यानं बघायचा आणि मोठ्यानं 'जुळलं' म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय बसवणाऱ्यानं झाकण लावायचं नाही. "आपला डोळा आपल्या हाताला फितूर असतो," बाबा म्हणायचे. "हातानं केलेलं डोळ्याला बरोबरच दिसतं."

बाबा गेले तरी नियम राहिला. दादा बसवायचा, मी बघायचो. दादाच्या हातासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. त्यानं आवळलेला नट सोडवताना भलेभले घाम पुसायचे. आणि मला बारीक दिसायचं. काटा अशा सांदीत असतो की तिथं डोकं जात नाही. दातांचा एक डॉक्टर आमचं गिऱ्हाईक होता. त्यानं आपला एक जुना दांडीचा आरसा आम्हाला देऊन टाकला, दाढेमागं घालून बघतात तो. "तुमच्या पट्ट्यालाही दातच असतात की," म्हणाला. तो आरसा खिळ्याला टांगलेला असायचा. दादा चाकाच्या पोकळीत खाली बसून दोन फेरे फिरवायचा आणि हाक द्यायचा, "बघ." मी वरून वाकायचो, आरसा आत घालायचो, बॅटरी मारायचो. बहुतेक वेळा म्हणायचो, "जुळलं." दहा-बारा गाड्यांत एखाद्या वेळी म्हणायचो, "केसभर मागं." मग दादा नट सैल करून पुन्हा ताण लावायचा. अशी सव्वीस वर्षं गेली.

मग एक दिवस त्याच डॉक्टरची गाडी पट्टा बदलायला आली. त्या सकाळी दादानं एका गिऱ्हाइकासमोर मला झापलं होतं. काय, तर दहाचा पाना बाराच्या जागी ठेवला. "पन्नाशीला आलास, पाना जागेवर ठेवता येत नाही," एवढंच. पण मी फुरंगटलो. चहा घेऊन भिंतीजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो. दादानं पट्टा बसवला, दोन फेरे फिरवले, खालून हाक दिली, "बघ." मी उठलो नाही. आरसा खिळ्यावर आणि मी स्टुलावर. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तिथूनच ओरडलो, "जुळलं!"

खाली बसलेल्याला वर कोण वाकलंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. दादानं झाकण लावलं.

तीन दिवसांनी डॉक्टरची गाडी एका चढावर मेली. पट्ट्यानं दात सोडले होते, सगळे व्हॉल्व्ह वाकले होते. आत बायकापोरं होती. दैव बरं म्हणून कोणाला खरचटलं नाही. गाडी दोरानं ओढून आणली आणि डॉक्टर दारात उभा राहून ओरडला, "पट्टा कोणी बसवला?"

पट्टा कोणी बसवला असंच विचारलं त्यानं. काटा कोणी बघितला असं कोणीच विचारत नाही. मी बोट उचललं आणि दादाकडं दाखवलं. त्यात खोटं काही नव्हतं, पट्टा दादानंच बसवला होता.

डॉक्टर गेल्यावर दादानं मला विचारलं, "तू बघितलं होतंस ना?"

"हो," मी म्हटलं. "काटा खाचेत होता."

"मग नट माझ्याकडून सैल राहिला," दादा म्हणाला. एवढंच बोलला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

ते इंजिन मी एकट्यानं उघडलं. नट इतका घट्ट होता की पान्याला दोन्ही हात लावावे लागले. काटा मात्र खाचेपासून चांगला दूर. दोन फेऱ्यांतच सरकला असणार. बघितला असता तर दिसला असता. मी तो नट सोडवला आणि कोणाला काही बोललो नाही.

दादानं त्या दिवसापासून पट्ट्याला हात लावला नाही. महिन्याभरानं कुठल्याच गाडीला लावेना. "ज्या हाताचा भरवसा नाही तो लोकांच्या गाडीला कशाला लावू?" म्हणायचा. बसडेपोत सामान देण्याघेण्याची नोकरी धरली. आणि मी? खाई त्याला खवखवे. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी घरात कुरापती काढायला लागलो. पाण्याच्या नळावरून, पुतणीच्या रेडिओवरून, जिन्यातल्या चपलांवरून. दादाला वाटलं, त्याच्या चुकीमुळं धंद्याचं नाव गेलं म्हणून मी चिडलोय. त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. त्यांचं सामान वरून खाली आणताना मी टेम्पोला टेकून उभा होतो आणि एक वाक्य तोंडाशी आलं होतं. टेम्पो सुरू झाला, मी ते गिळलं. त्यानंतर आमच्या भेटी झाल्या त्या नातेवाइकांच्या मयताला.

तेव्हापासून पट्टा मीच बसवतो आणि मीच बघतो. दोन फेरे फिरवतो, खालून मोठ्यानं म्हणतो, "बघ." मग गुडघे धरत उठतो, वर येतो, आरसा घालतो आणि म्हणतो, "जुळलं." एकदा एक बाई गाडी न्यायला लवकर आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि पर्स पोटाशी धरून बाहेरच उभ्या राहिल्या.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, मी नुकतं शटर वर केलं होतं, तेवढ्यात एक जुनी निळी गाडी दारात येऊन थांबली. चालवत वहिनी होत्या. शेजारी दादा.

"उतरायला हात द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या, जसं काही कालच भेटलो होतो.

दादा उतरला. उजवा हात थरथरत होता. खिशात घातला तरी खिसा हलत होता. "पट्टा बदलायचाय," तो म्हणाला. "पल्ला कधीच उलटून गेलाय."

"उद्या पहाटे निघतोय आम्ही," वहिनींनी सांगितलं. "लेकीकडं. कायमचं. सामान कालच पुढं गेलं. आठशे किलोमीटर मला चालवायचंय, आणि हे म्हणतात, पट्टा बदलल्याशिवाय गाडीत बसणार नाही. म्हटलं, डेपोजवळ दहा गॅरेजं आहेत. तर म्हणे नाही, धाकट्याकडंच."

मी दादाकडं बघितलं. तो गॅरेजकडं बघत होता. पाने भिंतीवर त्यानं आखून दिलेल्या जागी होते. दहाचा दहाच्या जागी, बाराचा बाराच्या.

"जागेवर ठेवतोस आता," तो म्हणाला.

मला कळलं की आज सांगायचं, नाहीतर कधीच नाही. आठशे किलोमीटरवरून परत यायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं आणि तिकडं जायचं तोंड मला नव्हतं. मयताला बोलावतील तेव्हा बोलायला एकजण नसेल.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, "चार तास लागतील. मध्ये घाई घाई केलेली चालणार नाही." आणि जॅक आणायला गेलो.

दादा त्याच स्टुलावर बसला. वहिनी किल्ली मागून वर गेल्या. मी चाक काढलं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅक टेकवला, वरचा आधार सोडवला, पुली काढली, झाकणं काढली. दादा नुसतं बघत होता. फक्त एकदा, मी चुकीच्या बोल्टपासून सुरुवात करणार होतो तेव्हा घसा खाकरला. मी पाना दुसऱ्या बोल्टवर नेला.

वहिनी खाली आल्या त्या चहाचे तीन कप घेऊनच. "भावोजी, डब्यावर माझ्या हातची 'साखर' अशी चिठ्ठी आणि आत वॉशर!"

"मिठाच्या डब्यात खिळे आहेत," मी म्हटलं. "चुकून घातले नाहीत ना चहात?"

"साखर शोधायला दहा मिनिटं गेली. कुठं, तर स्क्रूच्या डब्यात." त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "रॅकमध्ये एकच ताट आहे हो. बाकीची कुठं गेली?"

"आहेत. कपाटात. एवढी कशाला लागतात?"

मी जुना पट्टा काढून दादाच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो डाव्या हातानं उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी बारीक बारीक चिरा दिसल्या. वहिनींना दाखवून म्हणाला, "हे बघ. रस्त्यातच गेला असता."

"हे बघ, हे बघ," वहिनी मला म्हणाल्या. "दिवसभर हेच ऐकतेय मी. गॅसची कळ बंद केली की, हे बघ. कडी लावली की, बघ लागली का. पाण्याच्या बाटलीला झाकण लावतात आणि माझ्यापुढं धरतात, घट्ट झालं का बघ. अहो, रात्री उठून नळ बघून येतात, आणि येऊन मला उठवतात, तू पण एकदा बघ. संसार केला की पहारा दिला, कळत नाही." त्यांनी हे हसत सांगितलं, सवयीनं सांगतात तसं. दादाही थोडा हसला.

मला हसू आलं नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, की त्यानं फक्त गाड्यांचं काम सोडलं.

नवा पट्टा मी चढवला. पाण्याचा पंप आणि ताणाचं चाक दोन्ही नवीन घातले. खुणा जुळवल्या, काटा खाचेत आणला, नट आवळला. खाली बसून पाना लावला आणि फिरवायला लागलो. एक फेरा. कुठं अडकत नव्हतं. दुसरा फेरा. थांबलो. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द मी खऱ्या माणसाला म्हटला.

"बघ."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. दादा वरून वाकला असणार. आरसा कुठंतरी लोखंडाला लागून टिकटिक वाजत राहिला. मी वाट बघितली. टिकटिक थांबेना. शेवटी तो म्हणाला, "अरे, आरसा ठरत नाही हातात. काही दिसत नाही. तूच बघ."

"बसवणाऱ्यानं बघायचं नाही."

"तू बघितलंस तर चालेल," दादा म्हणाला. "माझा हात चुकला, तुझा डोळा कधी चुकला नाही. वर ये आणि बघ."

मी खालीच बसून राहिलो. समोर गाडीचं पोट, वंगणाचा वास आणि दादाच्या चपला. जुन्याच पद्धतीच्या, अंगठ्याशी झिजलेल्या. उठून वर गेलो असतो, आरसा घातला असता, खरं काय ते सांगितलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत निळी गाडी गेली असती. कोणालाही काही कळलं नसतं. त्याच्या तोंडासमोर मला बोलता आलं नसतं हेही खरं. चपलांसमोर आलं.

"दादा, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं."

वर काहीच हललं नाही.

"डॉक्टरच्या गाडीचं. तू बघ म्हणालास आणि मी स्टुलावरून उठलो नाही. सकाळी तू बोलला होतास म्हणून रुसून बसलो होतो. तिथूनच जुळलं म्हणून ओरडलो. आरसा खिळ्यावरच होता."

मग वरून आवाज आला, इतका हळू की नीट ऐकू येईना. "नट?"

"नट घट्ट होता. नंतर मी उघडून पाहिला. दोन्ही हातांनी सोडवावा लागला. काटा सरकला होता, नट नाही. तुझा हात चुकला नव्हता, दादा. कधीच चुकला नव्हता."

मी बाहेर आलो. दादा बोनेटला टेकून उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. उजवा हात डोळ्यांसमोर धरून, थरथरत होता तसाच, बघत होता, एखादं हरवलेलं हत्यार दुसऱ्याच्या घरात सापडावं तसा.

वहिनींनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं की त्या भडकतील. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भावोजी, मी पण बोलले हो त्यांना. रागाच्या भरात कितीदा. तुमच्या एका नटापायी घर सुटलं म्हणाले." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दे इकडं," दादा म्हणाला. मला वाटलं आरसा मागतोय. आरसा त्याच्याच हातात होता. "पाना दे."

"आधी काटा बघू दे," मी म्हटलं. त्यानं आरसा माझ्या हातात दिला. मी आत घातला, बॅटरी मारली. काटा खाचेच्या अलीकडं होता. "केसभर मागं," मी म्हटलं.

दादा चाकाच्या पोकळीत खाली बसला, सत्तरीला आलेला माणूस, वहिनी नको नको म्हणत असताना. नट सैल केला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि ताणाचं चाक फिरवलं, थांबला, परत फिरवलं. मग नट आवळला. त्याचा तो आवाज मला ओळखता आला, शेवटच्या पाव फेऱ्याला पाना जो किरकिरतो तो. दोन फेरे त्यानंच फिरवले, मध्ये चारदा थांबून.

"बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. अगदी डोळा फुटेस्तोवर बघितलं. काटा खाचेत होता, मधोमध. "जुळलं," मी म्हटलं.

दादा उठला. वर आला. माझ्या हातातला आरसा घेतला आणि स्वतः वाकला. आरसा लोखंडावर टिकटिक वाजायला लागला. मी त्याचं मनगट धरून स्थिर करायला हात पुढं केला, तर त्यानं कोपरानं तो बाजूला सारला. डाव्या हातानं आरसा धरला, श्वास रोखला आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. बाबांचा नियम त्यानं माझ्या देखत मोडला, आणि मला 'असं का' म्हणायची सोय नव्हती.

"हं," तो म्हणाला. "लाव झाकण."

बाकीचं काम मी केलं. चाक चढवलं, जॅक काढला. वहिनींनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात लागलं. गरम होईपर्यंत आम्ही तिघं आवाज ऐकत उभे राहिलो. इंजिन शिलाई मशीनसारखं चालत होतं. पूर्वी अशा वेळी दादा माझ्या पाठीवर थाप मारायचा.

गाडीत बसताना त्यानं आरसा फडक्यानं पुसला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"तो..." मी म्हटलं.

"हा मी नेतो," दादा म्हणाला. "तुला काय करायचाय? तू बघतोस कुठं."

ते तो रागानं म्हणाला नाही. पाना जागेवर नाही हे सांगायचा तसंच म्हणाला. वहिनींनी पाण्याची बाटली पुढं केली. तो दोन घोट प्याला, झाकण लावलं आणि बाटली सरळ पायाशी ठेवली. वहिनींना दाखवली नाही. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गिअर टाकला.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. मागच्या काचेतून दादाचं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही. मी सगळं सांगून मोकळा होईन असं मला वाटलं होतं. त्याचा हात त्याला परत मिळाला, याचा आनंद मला खरंच झाला. पण वर जाऊन तीन कप विसळताना मी दोन कपाटात ठेवले, आणि मग तिथंच खाली बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा वहिनींचा फोन आला. सुखरूप पोचलो म्हणाल्या. चढावरसुद्धा गाडीनं तक्रार केली नाही म्हणाल्या. "ते आहेत का तिथं?" मी विचारलं. "आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि जरा थांबून, "गॅस स्वतःच बंद करून आत्ताच झोपलेत."

परवा एकजण गाडी घेऊन आला. पट्ट्याचा पल्ला भरत आलाय, बदलून द्या म्हणाला. मी म्हटलं, पट्ट्याचं काम इथं होत नाही. तो मागं सरकून पाटीकडं बघायला लागला. "अहो, तुमचं नाव ऐकून आलोय. 'दोघे बंधू' तुम्हीच ना? पट्टा बसवणारं कोणी नाही का?"

"बसवणारा आहे," मी म्हटलं. "बघणारा नाही."